आत्याची धडधड

५ जुलै
धडधड परत आली! चुलीपुढं बसले हुते. छातीत कोंबडी पंख झाडती तसं. गायत्री मांडीवर. तीन वर्साची पोर — म्हणली, आई, तुज्यात कोन पळतंय?

७ जुलै
भोरला दाखवलं. डाक्टरीणबाईंनी मशीनची पट्टी पुढं धरली. ठोके एकसारके न्हाईत — कुठं दोन चिकटून, कुठं मोकळंच. हृदयाचा वरचा कप्पा नुसता थरथरतो म्हणं. लई दिवस थरथरला की ढिला होतो, मोठा होतो, मंग त्याला तीच सवय लागती. रक्ताची गुठळी होऊन डोक्यात जाऊ शकती. मी म्हणलं, लावणी उरकून येते. त्या म्हणल्या, "अजून येतंय-जातंय. तोवरच पुण्याला दाखवा."

८ जुलै
आत्या हसली. ती सासू लागती मला, आन बापाची सख्खी बहीण. तिलाबी असंच व्हायचं. दिवाळीपासनं आपोआप बसलं, दवाखाना न्हाई का गोळी न्हाई. आता चढाला दम लागतो तेवढा, ते वयाचं म्हणं. "आपल्या घराण्याचंच हाय गं. भात लावून घे, मंग जा."
खरंच की. इर्जिक लागलीया. चार घरच्या बाया आमच्या खाचरात राबल्या. आता त्यांची पाळी आली आन मी कशी जाऊ?

१० जुलै
आज आली न्हाई. आत्याचंच खरं आसंल.

१२ जुलै
खेकड्यानं बांधाला भोक पाडलं. बोटाएवढं. मी म्हणलं, दुपारी बुजवू. आत्या वरडली, "आत्ता बुजव! पाण्याला वाट घावली की बांध ऱ्हात न्हाई."
चिखलाचा गोळा हातात घिऊन मी तशीच हुबी. ह्ये तर डाक्टरीणबाई बोलल्या हुत्या.
घरी येताना आत्या चढाला बसत बसत आली.

१३ जुलै
आत्याचं मनगट धरलं, अंगठ्याखाली बोटं ठिवून. बसलेली धडधड कशी लागती बघावं म्हणलं. तिची एकसारकी लागली तर मीबी थांबणार हुते.
दोन चिकटून. मोकळं. मंग तीन. जेवल्यावर परत धरलं — तसंच. निजताना तसंच.
आत्या, आत्ता काय हुतंय का?
"काय बी न्हाई. सोड हात, येडी."
बसलं न्हवतं. आता थांबतच न्हाई, म्हणून तिला कळंना झालंय.

१४ जुलै
वेल्ह्याच्या स्टँडवर, पुण्याच्या गाडीला. इर्जिकीला ह्यांना धाडलं.
आत्याला वाटतंय, ती माज्या सोबतीला आलीया.