ह्यांना जाड दाखवणारी जीन्स

ती. वन्संना,

शिरसाष्टांग नमस्कार (शिर खरोखर टेकवलंय, बाकीची अंगं गुडघ्यांमुळे रजेवर आहेत). तुमचा खोकला थांबला का, भावोजींचं कानाचं यंत्र सापडलं का, ते कळवा. आम्ही इकडे बरे आहोत असं लिहायची रीत आहे, पण तुमचे धाकटे बंधुराज बरे नाहीत हे माझ्या आवाजावरून तुम्ही ओळखलं असेलच. सगळं फोनवर सांगितलं असतं, पण दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोलायचं म्हणजे ह्यांच्या कानातच बोलायचं. म्हणून पत्र.

तुम्ही शनिवारी येणार हे कळल्यापासून ह्यांनी एकच धोशा लावलाय की ताईला मी असा दिसता कामा नये. असा म्हणजे कसा, तर पोटातल्या गाठीपायी चार महिन्यांत कंबर छत्तीसवरून एकोणतीसवर आली आहे. जुनी जीन्स घातली की हे आधी निघतात आणि जीन्स मागून येते. तीस वर्षं लिफ्टा दुरुस्त केल्या त्या जीन्समध्येच, त्यामुळे साधी पँट चढवली तर तुम्हाला दारातच संशय येणार. शिवाय पातळ कापड हाडांच्या चहाड्या करतं, जीन्स तोंड मिटून उभी राहते (हे मी कपडे आल्टर करणारी बाई म्हणून सांगते, बायको म्हणून नव्हे). मी आधी जुनीच आत घ्यायला बसले. महिनाभर मशीनवर चादर पडून होती, ती काढली. पण सात इंच आत घेतल्यावर मागचे दोन खिसे एकमेकांना येऊन भेटले आणि कोणत्या खिशात कोणता हात घालायचा ते ह्यांना समजेना. मग नवी घ्यायचं ठरलं.

दुकानातली मुलगी गोड होती, पण तिचं सगळं शिक्षण माणसाला बारीक दाखवण्याचं. भिंतीवर तक्ता होता, त्यात माणसांची फळं केलेली. कोणी पेर, कोणी सफरचंद. तिने ह्यांना पुढून-मागून न्याहाळलं आणि पुन्हा तक्त्याकडे बघितलं. ह्यांनी विचारलं की देठ कुठल्या रांगेत येतो. मग तिने गडद निळी, अंगाबरोबरची, उभ्या शिवणीची काढली, कारण त्यात माणूस सडपातळ दिसतो. मी म्हटलं, बाई, तू जे जे शिकलीस ते सगळं उलटं कर. फिकट रंग दे, ढगळ दे, मागे झाकणाचे मोठे खिसे दे, मांडीवर आडव्या घड्या असतील तर फारच छान. ती काकुळतीला येऊन म्हणाली की सर ह्यात जाड दिसतील. तुझ्या तोंडात साखर पडो, म्हणाले हे. तेवढ्यात शेजारी एक वजनदार गृहस्थ पट्ट्याशी झगडत होते, ते जवळ आले आणि एवढं वजन कसं उतरवलंत म्हणून विचारू लागले. ह्यांनी अगदी मन लावून सांगितलं: सकाळी अर्धी वाटी दूध, दुपारी चव लागत नाही, संध्याकाळी वास सहन होत नाही, आणि दर एकवीस दिवसांनी एक दिवस नुसतं पडून राहायचं. त्या गृहस्थांनी फोनवर टिपून घेतलं. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, आणि हे मात्र चार महिन्यांत प्रथमच कोणाला तरी हेवा वाटला म्हणून खुशीत.

ही खुशी ट्रायल रूमपर्यंत टिकली. एक पाय जीन्समध्ये गेला, दुसरा अर्धा गेला आणि ह्यांची शक्ती संपली. बाहेर माणसं ताटकळलेली. मी आत शिरले, तर रखवालदार दार वाजवून म्हणतो की आत एकालाच परवानगी आहे. मी आतून सांगितलं की आम्ही दोघं मिळून एकच होतो, वजन करून बघा. वन्सं, मी खाली बसून पाय ओढत होते आणि हे तोल सावरायला माझ्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. तिन्ही बाजूंना आरसे. घरी एका वेळी एकाच बाजूने बघायची सवय झाली आहे, तिथे सगळीकडून दिसले. मला रडू आलं. बटण अडकलंय असं सांगून मी मान वर केलीच नाही. हे म्हणाले, सावकाश काढ.

घरी आल्यावर बघितलं तर जाड दाखवणारी जीन्स दाखवणार तरी काय, आत ऐवज हवा ना. माझ्याकडे जुन्या कोटांतून काढलेले खांद्याचे पॅड पडून होते, ते मी आतून मागे टाचले. उभे राहिले की झकास, लग्नातल्यासारखे. बसले की एक पॅड घसरून गुडघ्यावर येतो. परवा तसं झालं तेव्हा हे म्हणाले की खांदे फारच उतरलेत, आणि पोट धरून हसले, मग दुखलं म्हणून थांबले. त्यानंतर मी तीनदा उसवून शिवलं आहे. दर वेळी ह्यांना कुठेतरी सैल वाटतंच. चोखंदळ माणूस आहे तुमचा भाऊ.

भावोजींना नमस्कार.

तुमची वहिनी

ता.क. येताना खायचं काही आणू नका. नुसतं बघून ह्यांना वाईट वाटतं.

ता.क. २. पत्र खरं ह्यासाठी लिहिलं. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की ज्यांना भेटायचं असेल त्यांना आता बोलावून घ्या. ह्यांना मी काही कळू दिलेलं नाही. पाया पडते, दारात रडू नका, 'किती वाळलास' म्हणू नका. जीन्सकडे बघा आणि जरा सुटलास रे, एवढं म्हणा. तुमचं ते ऐकतात.

ता.क. ३. ताई, इथून पुढचं अक्षर माझं. पाकीट टाकायला हिने माझ्याकडे दिलं आणि मी उघडलं. डॉक्टरांनी जे हिला सांगितलं ते मला आठवडाभर आधीच सांगितलं होतं, ते हिला बोलू नकोस. मी कसाही दिसलो तरी तुझ्यापुढे मला कसली लाज, लहानपणी तूच आंघोळ घालायचीस. पण ही महिनाभर काम सोडून माझ्या समोर नुसती बसून होती, जेवतसुद्धा नव्हती. म्हणून जीन्सचा हट्ट धरला. शिवायला बसली की दोन घास खाते. आता मात्र सैल वाटतंय म्हणायला माझ्या अंगावर जागा उरली नाही. तेव्हा तुझे, भावोजींचे, शेजारपाजारचे, जे काही उसवलेले, फाटलेले कपडे असतील ते सगळे घेऊन ये. पुष्कळ आण, मी नसेन तेव्हाही पुरतील इतके.