दोराचं दुसरं टोक

२ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा. ताईने बॅगेत कपड्यांखाली कोंबलेली ही वही आत्ता उघडली. पहिल्या पानावर तिने लिहून ठेवलंय, की डोकं फिरलं तर बोलू नकोस, लिही. एवढ्या लांब येऊनही तिचं मोठेपण काही सुटत नाही.

जागा झकास आहे. मागे डोंगर, पुढे नदी, आणि अर्धा तास वल्हवलं की समुद्र. लोक सुट्टी काढून इथे येतात, सकाळी कडा चढतात, दुपारी रबरी नावेतून आदळत-आपटत जातात, संध्याकाळी लंगडत किनाऱ्यावर फिरतात आणि जाताना आपल्यालाच धन्यवाद म्हणतात. माझं काम हेल्मेटं पुसणं, दोर गुंडाळणं, पडेल ते. बाबा म्हणाले, दोरच ओढायचे होते तर कॉलेजात दोन वर्षं काय करत होतास. मी म्हटलं, तयारी. मग दोन दिवस अबोला.

खरं कारण फक्त या वहीला सांगतो. गेल्या हंगामात ती, माझी कॉलेजातली मैत्रीण, इथे होती. कडा चढायला शिकवायची. इथे सगळे दर हंगामाला परत येतात म्हणे, म्हणजे तीही येणार. मला हेल्मेटांचा ढीग घेऊन उभा बघेल, आधी भडकेल, मग हसेल. बसमध्ये मी हा प्रसंग चार वेळा वठवून पाहिला.

इथे कुणाला सांगितलेलं नाही की मी तिला ओळखतो. मार्चमध्ये आमचं वाजलं होतं. ती आणखी एक हंगाम इथेच राहणार म्हणाली आणि माझा तोल गेला. दुसऱ्या दिवशी ती मोबाइल उचलेना, म्हणून तिने 'कुणाचा जीव जात असेल तरच' अशी शपथ घालून दिलेला इथला नंबर फिरवला. सतरा वेळा. शेवटी एका माणसाने उचलला. तिला बोलाव, म्हणून मी ओरडलो, तर तो रिसीव्हर लोंबकळत सोडून निघून गेला. चार मिनिटं मी नुसता वारा ऐकत बसलो. असले उर्मट लोक.

तेव्हापासून तिचा फोन बंद. तिचा भाऊ माझा फोन उचलतो आणि काही न बोलता ठेवून देतो.

५ नोव्हेंबर

ओळखी झाल्या. केंद्राच्या मॅडम बुटक्या आणि करड्या शिस्तीच्या. स्वयंपाकघरातल्या मावशी मला 'कॉलेज' म्हणतात. ए कॉलेज, पातेलं घास. ए कॉलेज, शिकलास ना, मग मीठ किती ते सांग. आणि दाढी. सगळे त्याला हेच म्हणतात. सगळ्यांत जुना माणूस, पण दिवसभर नदीवर नावांना ठिगळं लावत बसतो. कड्याकडे फिरकत नाही. परवा त्याच्याकडे बादली मागितली, तर माझ्याकडे टक लावून बघत राहिला. बादली काही दिली नाही.

आज मॅडमनी दोर धरायला शिकवलं. दोर चढणाऱ्याच्या कमरेपासून वर माथ्यावरच्या कडीतून फिरून खाली आपल्या हातात येतो. अर्ध्यावर खडक पुढे आलाय, त्याला सगळे कपाळ म्हणतात. कपाळाच्या वर सपाट जागा आहे, दोन माणसं टेकतील एवढी. चढणारा तिथे गेला की दिसत नाही, आणि समुद्राच्या वाऱ्यात हाकही पोचत नाही. मग माणूस तळहाताने ओळखायचा. तो थांबलाय, घाबरलाय, पाय बदलतोय, सगळं दोरातून कळतं. यंदापासून खाली दोघं असायलाच हवीत, आणि वरचा माणूस जमिनीवर उतरेपर्यंत दोर हातातून सुटता कामा नये. मी विचारलं, यंदापासूनच का. मॅडम म्हणाल्या, मी सांगते म्हणून.

९ नोव्हेंबर

पहिला गट आला. वीसजण, एकाच ऑफिसातले. त्यांचे साहेब कपाळाखाली अडकून लोंबकळले आणि खालून त्यांच्याच कारकुनाने, रजा मंजूर म्हणा मग खाली घेतो, असं सुनावलं. हसून पोट दुखलं.

सव्वाचारला सगळे नदीवर गेले. मी एकटा दोर उतरवत होतो. ओढला तर येईना. वजन होतं त्याला.

अडकलेला दोर मेल्यासारखा लागतो. हा तसा नव्हता. वर कुणीतरी एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होतं. नदीवरची डोकी मोजली. वीस. मग वजन गेलं आणि दोर सळसळत खाली आला. टोकाला गाठ होती. मी मारलेली नाही. गाठीपुढे वीतभर शेपूट सोडलेलं. अशी गाठ एकटी तीच मारते.

आली ती. आली आणि मला छळतेय. मागच्या पायवाटेने धावत माथ्यावर गेलो. कुणी नव्हतं.

१२ नोव्हेंबर

रोज सव्वाचारला. आता मी मुद्दाम दोर लावून ठेवतो आणि वाट बघतो.

तिचंच वजन आहे. एकदा तिला पाठीवर घेऊन ओढा ओलांडला होता, माझ्या खांद्यांना ते पाठ आहे. मी दोर धरतो आणि बोलत राहतो, कॉलेज सोडल्याचं, बाबांचं, सगळं. दोर ऐकतो. उन्हं कड्यावरून गेली की वजन जातं.

मॅडमनी पाहिलं. वर कोण आहे, असं विचारलं. मी म्हटलं, कुणी नाही, दोर वाळवतोय. ताणलेल्या दोराकडे बघून त्यांचा चेहरा पार उतरला.

१४ नोव्हेंबर

आज मावशींना सहज म्हणून विचारलं, की आमच्या कॉलेजातली एक मुलगी गेल्या वर्षी इथे होती ना. मावशींनी हातातला डाव खाली ठेवला आणि सांगायला लागल्या.

मार्चचा शेवटचा आठवडा. खाली दाढी एकटाच दोर धरून. ती कपाळावरच्या सपाटीवर पोचली होती. कड्याखालच्या शेडमध्ये एक फोन आहे, फक्त अपघातासाठी. तो वाजायला लागला. थांबेचना. दाढीला वाटलं, नदीत नाव उलटली. ती तर वर नीट टेकलीय, म्हणून दोर सोडून तो दहा पावलं गेला. ती तेवढ्यातच उठली, पाय सुटला, आणि दोर धरायला कुणी नव्हतं.

फोनवर कुणी तरी पोरगा होता म्हणे. तिला बोलाव म्हणत होता. मावशी म्हणाल्या, मेल्याला कधी कळलंही नसेल.

मग विचारत होत्या, कॉलेज, तू जेवत का नाहीस.

१५ नोव्हेंबर

चार मिनिटं. मी चार मिनिटं फोन कानाला लावून बसलो होतो. शिव्या देत होतो.

तिचा भाऊ. काही न बोलता—

आज सव्वाचारला गेलो नाही. शेडच्या मागे बसून राहिलो. तिथूनही दोराचा करकर आवाज येतो.

१६ नोव्हेंबर

दाढीला सांगून टाकलं. मारेल म्हणून गेलो होतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, पहिल्याच दिवशी ओळखलं. बादली मागितलीस तेव्हा. आठ महिने तोच आवाज डोक्यात आहे.

मी विचारलं, मग बोलला का नाहीस.

तो म्हणाला, बोललो असतो तर तू गेला असतास. मग रोज तिला धरलं कुणी असतं? माझी बोटं त्या दिवसापासून दोरावर मिटतच नाहीत.

दोघंही रडलो. ठिगळं लावायचा डिंक हाताला चिकटला होता, डोळे पुसता येईनात.

१७ नोव्हेंबर

तिला खाली आणायचं. एवढंच आता. बाकी काही नको.

दोर हळूहळू सोडत गेलो. वजन कपाळावरच थांबलं. आणखी सोडला. दोर माझ्या पायाशी पडत राहिला, ती जागची हलली नाही. येणारच नाही. माझ्या हातावर भरवसा कसा ठेवेल ती.

तासभर विनवलं. घसा बसला. तळहात सोलले.

१८ नोव्हेंबर

मॅडमनी हिशेब करून टाकला. उद्या सकाळची बस. घरी जा म्हणाल्या, आवाज मऊ होता, म्हणजे दाढीने सांगितलं असणार. मी भांडलो नाही.

घरी जाऊन काय करू.

तिने एकटीने तिथे बसायचं, रोज—

१९ नोव्हेंबर, दुपार

बस सोडली. कपाळावर आहे. पेन्सिल आहे, लिहितोय.

एकटा चढलो. खाली कुणी नाही. दोर कमरेला बांधला तो नुसता सवयीने, दुसरं टोक जमिनीवर मोकळं. पडलो असतो तर पडलो असतो.

थोडं वर आल्यावर दोर सैल राहिना. वर चढेन तसा आपोआप कमी होत गेला. कुणीतरी खालून ओढून घेत होतं. दोन आखूड, एक लांब. दोन आखूड, एक लांब. ती तसंच ओढायची.

वाटलं, दाढी. पण दाढी नदीवर आहे, इथून दिसतो, मुंगीएवढा. मॅडमही तिथेच. मावशी भांडी वाळत घालताहेत.

इथे सपाटीवर ती नाही. नुसता वारा. तोच वारा.

म्हणजे ती उतरली. खाली आहे.

खालचं दिसत नाही. कपाळाच्या कडेवरून खाली जाणारा दोर दिसतो, तेवढाच. ताठ.

मोठ्याने माफी मागितली. सगळं सांगितलं. सतरा वेळा, चार मिनिटं, सगळं. दोर हलला नाही. ऐकते आहे.

इथून वर चढणं मला येत नाही. उतरायचं तर एकच रीत. कडेवर उभं राहायचं, मागे रेलायचं, सगळा भार खालच्या माणसावर टाकायचा.

मी तिला कधी— भार माझ्यावर टाक म्हणायचो नुसतं.

तिने धरलं तर खाली जाऊन एकदा बघेन. फक्त बघेन. नाही धरलं तरी— तिचा हक्कच आहे.

उभा राहिलो. वही खडकावर ठेवून लिहितोय. टाचा कडेवर.

रेललो थोडा. धरलंय. धरलंय तिने. वजन घेतलंय—

दोर वीतभर सुटला. थांबला. हात बदलत असेल. हात बदलताना एवढा सुटतोच. आता परत ताणेल. अजून—