खिरापतीच्या डब्यातलं गंगू

रिठद,
कोजागिरीच्या आधी (तारीख योगिनीताईले विचारली त ती खेकसते)

सौ. विजयमाला आत्याले मुन्नाचा वाकून नमस्कार,

तुहा गुडघा कसा हाय? शिलाई मशीन अजून कुरकुरते का? इकडे सारे बरे हायत. फोनच केला असता, पण माय स्पीकर लावते अन् मंग साऱ्या गल्लीले ऐकू जाते. म्हणून कागद.

त आत्या, झालं असं, की पोरी जिच्यापुढं महिनाभर गाणे म्हणतात त्या बाजारातल्या भुलाबाईचं नाक उडालं, म्हणून यंदा मीच वावरातल्या काळ्या मातीची भुलाबाई, भुलोजी अन् गणराया बनवले. माती उरली. तिचं वीतभर माणूस केलं. त्याले मिशी लावली, मंग नथही घातली (हात थांबलाच नाही). ताई म्हणे, एक कायतरी काढ, हा भाऊ हाय का बहीण? मी मिशीले बोट लावलं, त त्या मूर्तीनं कचकन चावलं! म्हणे, मिशी बी माही, नथ बी माही, हात लावू नको. मी त्याचं नाव गंगू ठेवलं. मले लय बरं वाटलं, आत्या. मले बी कधी पोरगा असल्यासारखं वाटते, कधी पोरगी, अन् बहुतेक वेळा निस्तं मुन्ना.

भुलाबाईचे गाणे तूच मले मांडीवर घेऊन शिकवले. पण यंदा सहावी लागली, अन् मायनं सांगतलं, मोठ्या पोराइनं पोरीइच्या मधात बसू नाही. रोज संध्याकाळी आत गाणे चालत, अन् मी ओट्यावर बसून ओठातल्या ओठात म्हणे. रडू आलं, खोटं कायले सांगू!

काल गाण्यानंतरची खिरापत आपल्या घरची होती. पोरी झाकलेला डबा हलवून हलवून आत काय हाय ते ओळखू लागल्या. चिवडा? नाही. बुंदी? नाही. (शेंगदाण्याचे लाडू होते. होते, कारण गंगू आत शिरून सारे खाऊन बसलं होतं.) ताईनं डबा असा हलवला, असा हलवला, की आतून आवाज आला, "ओ बाई, हळू! माही नथ निखळते ना!" पोरी किंचाळल्या, मायच्या हातातलं ताट पडलं, अन् मी ओट्यावरूनच ओरडून सांगतलं, गंगू हाय! झाकण काढलं त खरंच गंगू, मिशीले लाडवाचा चुरा.

आता आपल्या गल्लीचा कायदा तुले माहीत हाय. ज्याचं बरोबर आलं त्यानं मधात बसायचं, पहिला घास त्याचा. ताई म्हणे, ओट्यावरचं धरत नाही. गंगू मायकडे पाहून म्हणे, आता खिरापत मीच हाव, अन् मले ओळखलं मुन्नानं. मायनं पडलेलं ताट उचलून बाजूले ठेवलं. मंग तिनं सतरंजीवर आपल्या बाजूची जागा हातानं झाडली अन् म्हणे, बस. मी एवढ्या जोरात गाणं म्हटलं की शेजारची रुखमाबाई काय झालं म्हणून पाहाले आली.

बाकी ठीक. मामाले नमस्कार.

तुहं लेकरू,
मुन्ना

ता. क. मायचं पोलकं घट्ट झालं. आलीस की उसवून देजो. (ती स्वतःहून सांगणार नाही.)

दुसरा ता. क. मले काही नाही पाहिजे. सहज लिवलं.

तिसरा ता. क. हे अक्षर माहं, गंगूचं. कागदाले माती लागली, माफ करजा. मुन्ना खोटं लिवते. कोजागिरीले साऱ्या पोरी परकर घालतात, मुन्नाले हिरवा पाहिजे, पण सांगाले लाजते. उरलेल्या कापडात माह्यासाठी वीतभर शिवजा. पाकिटात दोरा हाय, तो फेकू नका. मुन्ना झोपलं होतं तवा मायनं त्याच्या कंबरेचं माप घेऊन गाठ मारली, अन् गुपचूप पाकिटात टाकला. मुन्नाले अजून माहीत नाही.