टेबलक्लॉथखालची पदवी

नॉर्डबी, मिनेसोटा
१२ मे

चि. करीन हिस आर्डिसआत्याचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. बर्फ गेला, चिखल आहे. चर्चमागच्या पडीक जागेत बाग करायचं मंडळींनी ठरवलं आणि आराखडा माझी भाची काढेल, असं मी सांगून टाकलं. तुला विचारलं नाही, कारण तू नाही म्हणाली असतीस. रस्त्याकडेला फलकही लागला. चर्चची डागडुजी बघणाऱ्या मार्विनने लाल रंगात हातभर अक्षरं काढली आहेत : बागेची रचना – लँडस्केप आर्किटेक्ट करीन टोलेफसन.

शेजारची लव्हॉन विचारत होती, की करीन गवत कापते का. मी सांगितलं, गवत कापणारे वेगळे, आमची करीन गवत कुठे असावं ते ठरवते. तरी तिने आपल्या हायड्रेंजियाच्या फुलझाडाचं एक पिवळं पान तुला दाखवायला दिलंच. पाकिटात आहे.

वेळेवर जेवत जा. आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
आर्डिसआत्या

सेंट पॉल
१७ मे

ती. आर्डिसआत्यास शि. सा. न. वि. वि.

पान पोचलं. टपालखात्याने त्याचा भुगा केला आहे, तेव्हा आजार सांगता येत नाही. तिला म्हणावं, पाणी कमी घाल. बहुतेकांना तेच सांगावं लागतं.

आत्या, तो फलक आजच उतरव. मी लँडस्केप आर्किटेक्ट नाही. कॉलेजची पदवी आहे, हाताखाली काम करून वर्षं झाली, पण राज्याचा परवाना नाही, आणि त्याशिवाय ते दोन शब्द नावामागे लावायला कायद्याने बंदी आहे. चारपैकी तीन पेपर सुटले. चौथा उताराचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा. त्यात मी दोनदा आपटले. ऑगस्टमध्ये पुन्हा बसणार आहे. सुटला तर ऑफिसात स्वतःचं काम मिळेल. नाहीतर दुकानांपुढच्या पार्किंगच्या कडेने झुडपं काढण्यातच जन्म जाईल. फलकाची गोष्ट परवाना मंडळाच्या कानावर गेली, तर माझा अर्ज अडकायचा.

लोभ असावा, फक्त रस्त्याकडेला नसावा.

तुझी,
करीन

नॉर्डबी
२४ मे

चि. करीन हिस अनेक आशीर्वाद.

फलक उतरवता येत नाही. मार्विनने खांब सिमेंटमध्ये पुरले आहेत. म्हणून चर्चच्या तळघरातला चौकड्यांचा टेबलक्लॉथ त्या दोन शब्दांवर घट्ट ठोकून घेतला. आता फक्त ‘बागेची रचना’ आणि तुझं नाव दिसतं. मध्ये चौकडे.

परिणाम चांगला झाला नाही. लोक गाड्या थांबवून बघतात. रविवारी कॉफीच्या वेळी लव्हॉनने माझा हात दाबला आणि म्हणाली, की कुणाच्या घरात काय निघेल सांगता येत नाही, तिच्या भावालाही तुरुंगातून सुटून आल्यावर गावाने सांभाळून घेतलंच ना. पाद्रीबुवांनी वाट चुकलेल्या एका तरुण मुलीसाठी प्रार्थना केली. नाव घेतलं नाही, पण सगळ्यांनी खिडकीबाहेर बघितलं. दोन घरांतून सांत्वनाची हॉटडिश आली, भट्टीत भाजलेली, बटाट्याची. मी खाल्ली. अन्न वाया घालवू नये.

आणि चूक झाली की कबूल करावी, म्हणून मी परवाना मंडळाला सविस्तर पत्र लिहून सगळं कळवलं. तुझं पूर्ण नाव व पत्ता दिला आहे, म्हणजे त्यांचा घोटाळा होणार नाही.

आशीर्वाद. अभ्यास कर.

आर्डिसआत्या

सेंट पॉल
६ जून

ती. आत्यास शि. सा. न.

घोटाळा झालेला नाही. माझ्या नावाने चौकशी उघडली आहे. ऑफिसातल्या माझ्या वरिष्ठ क्विस्टबाईंनी विचारलं, तक्रार कुणी केली. मी म्हटलं, आत्याने. त्यांनी दबक्या आवाजात विचारलं, की घराण्यात जमिनीवरून काही वाद आहे का. मी म्हटलं, वाद नाही, माया आहे. त्यांनी मला त्या दिवशी लवकर घरी पाठवलं.

चौकशी मिटेपर्यंत परवाना मिळणार नाही, मग पेपर सुटो की न सुटो. हात जोडते, आता कुणाकडे काहीही कबूल करू नकोस.

लोभ असावा, पण मुका असावा.

करीन

नॉर्डबी
१ जुलै

चि. करीन हिस अनेक आशीर्वाद.

मंडळाचं मला उत्तर आलं. चौकशी बंद. तिथल्या एक बाई लिहितात, की कायदा स्वतःला तसं म्हणवून घेणाऱ्याला लागतो, भाचीचं कौतुक करणाऱ्या आत्याला लागत नाही. मी उलट टपाली कळवलं, की ही कायद्यातली पळवाट आहे आणि ती बुजवावी. तुझं नाव या वेळी घातलेलं नाही.

टेबलक्लॉथ मात्र परवाना येईपर्यंत निघणार नाही. तुझ्या पेपराबद्दल म्हणशील, तर पाणी खाली वाहतं. यात दोनदा नापास होण्यासारखं काय आहे, ते मला कळलं नाही.

ता. क. मार्विनने तुझी वाट न बघता बाग खणायला घेतली. काल पाऊस झाला आणि सगळं पाणी चर्चच्या तळघरात आलं. खुर्च्या तरंगत होत्या. कोणत्या बाजूला खणायचं ते कळव.

आर्डिसआत्या

सेंट पॉल
५ जुलै

ती. आत्यास शि. सा. न.

पाणी खाली वाहतं हे खरं. प्रश्न एवढाच असतो, की खाली कोण बसलंय. माझ्या पेपरात तेवढंच विचारतात. मार्विनला सांग, जमीन भिंतीपासून दूर उतरती ठेव आणि पाण्याला खालच्या ओढ्याची वाट दे. कागद जोडला आहे. हा व्यावसायिक सल्ला नाही, भाचीचं मत आहे. मंडळाला कळवायची गरज नाही.

लोभ कोरडा राहावा.

करीन

सेंट पॉल
९ ऑक्टोबर

ती. आत्यास शि. सा. न.

सुटला. पेपरात एका इमारतीचं तळघर होतं. मला तुमच्या खुर्च्या दिसायला लागल्या आणि हात आपोआप चालला. आज परवाना आला, प्रत जोडली आहे. क्विस्टबाईंनी मला एका शाळेचं मैदान दिलं, सगळं माझं. आता टेबलक्लॉथ काढलास तरी चालेल.

करीन,
लँडस्केप आर्किटेक्ट (कायदेशीर)

नॉर्डबी
१४ ऑक्टोबर

चि. करीन हिस अनेक आशीर्वाद.

परवान्याची प्रत बघितल्याशिवाय मी खिळ्याला हात लावला नसता. ती पाठवलीस हे बरं केलंस.

रविवारी प्रार्थना संपल्यावर सगळ्यांसमोर टेबलक्लॉथ काढला. मार्विनचा रंग स्वस्तातला होता. उन्हाळाभर ऊन लागून बाकीची अक्षरं उडाली. झाकलेले दोन शब्द तेवढे लालभडक राहिले. आता ‘लँडस्केप आर्किटेक्ट’ मैलावरून वाचता येतं आणि ती कोण, ते जवळ जाऊनही कळत नाही. लव्हॉन म्हणते, मार्विनच असेल, खणताना तोच दिसतो. तो नाही म्हणत नाही.

बिनपरवान्याच्या माणसाला ती पदवी लागलेली मला चालणार नाही. मंडळाला पत्र लिहायला घेतलं होतं, पण तुला आधी कळवते. शनिवारी ये. ब्रश मी आणते. नाव तुझं तू घाल.

आशीर्वाद, आणि थोडा अभिमान. तो झाकावा लागत नाही असं मंडळाने लेखी दिलं आहे.

तुझी,
आर्डिसआत्या