सगळे दिवे हिरवे

३ जून, सकाळी ९
ऑफिसातलं टायपिंग बंद होणार. चार टायपिस्टपैकी एकालाच ठेवायचं. माझे प्रोग्रॅमिंगचे दहाही सराव जो पास होईल, तो. दोन महिन्यांत तयार करतो, साहेबांना छातीठोक सांगितलं. वह्या तपासायची कटकट नाही. फाइल अपलोड केली की माझी सिस्टिम आपोआप तपासते. चुकलं की लाल दिवा, नाहीतर हिरवा. आपल्याला तोड नाही!

११ जून
संकल्प: रोज एकाला तरी जवळ बसून शिकवणार. आज सर्दी.

२ जुलै
थोरल्या टायपिस्टबाईंचे नऊ हिरवे, दहावा लाल. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, पगार यांचा एकटीचा. त्यांचं म्हणणं, सिस्टिम फेब्रुवारीचे तीस दिवस मागते. सगळ्यांसमोर झापलं, मशीनशी हुज्जत घालू नका म्हणून. बाई रडल्या. शिस्त ही अशीच लागते.

२० जुलै
दांडीबहाद्दर उगवला. धाकटा टायपिस्ट, महिनाभर वर्गात फिरकला नव्हता. पाच मिनिटांत दहाही हिरवे! शिकवणं असं हवं, वर्गात न बसताही भिनलं पाहिजे. फाइली उघडल्या नाहीत. माणसावर विश्वास टाकावा.

३१ जुलै
दांडीबहाद्दर कायम. बाकी तिघांना नारळ. बाई जाताना हात जोडून म्हणाल्या, सर, एकदा माझी फाइल उघडून बघा. बघतो म्हटलं. तेवढंच त्यांना बरं वाटेल.

१ ऑगस्ट, दुपारी
उघडली. बाईंचं सगळं बरोबर. तीस दिवस मीच घाईत टाकलेले. दांडीबहाद्दराच्या दहाही फाइली कोऱ्या. उत्तर चुकलं की लाल दिवा लागतो. उत्तरच नसेल तर काय, हा विचार मी केलाच नव्हता. उद्या साहेबांना सगळं सांगणार. म्हणजे सांगणारच.

२ ऑगस्ट
तोंड उघडायच्या आत साहेब म्हणाले, तुम्हीही हीच परीक्षा द्या, तुम्हाला ठेवायचं की नाही ते वर कळवायचंय. दिली. दहापैकी तीन हिरवे. माझ्याच सरावांत! साहेब चहा सांगायला बाहेर गेले. फाइली कोऱ्या केल्या, पुन्हा अपलोड केल्या. दहाही हिरवे. साहेबांनी पाठ थोपटली. लाज वाटली, खोटं कशाला लिहू. पण बाईंचं सांगायला आधी आपण नोकरीत नको का? सांगू सावकाश. तेवढ्यात बाईंचाच फोन. कट केला. साहेबांनी विचारलं, कोण? म्हटलं, राँग नंबर.