यंदाची थंडी

॥ श्री ॥
बदलापूर गाव, २८ नोव्हेंबर २०२४

ती. विठा वन्सं यांस संजीवनीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते. तुमच्या भावाला डॉक्टरांनी घरी पाठवलं. फार तर शिवरात्रीपर्यंत, असं आमच्या सुयोगला बाजूला घेऊन सांगितलं. सुयोगने मला सांगितलं आणि ह्यांनी आम्हा मायलेकांच्या तोंडावरून ओळखलं.

आता एकच धोशा. परसातल्या आंब्याला मोहोर आला की पहिला तुरा दरवर्षीसारखा अंबरनाथच्या महादेवाला स्वतः वाहणार. खाट खिडकीशी ओढून घेतली आहे, नजर सारखी झाडावर. आजवर त्या झाडाला मला हात लावू दिला नाही. आता बिचारं कोरडं पडलंय, म्हणून सकाळी हे उठायच्या आत चार बादल्या पाणी घालते. तेवढंच माझ्या हातात आहे.

गुडघे सांभाळा. आमच्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

आपली,
सौ. संजीवनी


॥ श्री ॥
उल्हासनगर, २२ डिसेंबर २०२४

चि. सौ. संजीवनीस अनेक उ. आ.

मी जांभूळला लेकीकडे होते. तुझं पत्र तीन आठवडे शेजारच्या सिंधी बाईकडे पडून राहिलं. नाथा माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा ग! माझ्या आधी निघाला, शहाणा!

आणि अगं बये, ते पाणी आधी बंद कर! दसऱ्यानंतर नाथा त्या झाडाला थेंब दाखवत नाही. मुळं कोरडी हवीत आणि वर आठ-पंधरा रात्री चांगल्या गार हव्यात, तेव्हा कुठे फांदीच्या डोळ्यातून मोहोर फुटतो. पाणी मिळालं की त्याच डोळ्यातून पालवी येते. तू मिठागरवाल्यांची लेक, तुला कोण सांगणार? पण त्याला विचारायचंस तरी! अजून थंडीचे दिवस आहेत, बघूया.

म्हातारीची आठवण असू दे.

तुझी,
विठा वन्सं


॥ श्री ॥
बदलापूर गाव, १९ जानेवारी २०२५

ती. वन्सं यांस शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी बादली उपडी घातली. पण उशीर झाला होता. थंडी काय पडली म्हणता! खरवईच्या बाजूने धुकं येतं, नऊ वाजेपर्यंत हटत नाही. ह्यांच्या अंगावर दोन गोधड्या घातल्या तरी दात वाजतात. आणि आपल्या झाडाला शेंड्याशेंड्याला तांबूस पालवी, एक तुरा नाही. शेजारच्या बुधाजींचा आंबा मोहोराने भरलाय. त्याचा वास घरात येतो, मला सोसत नाही.

काल ह्यांनी पालवी पाहिली. आता विचारतील म्हणून मी भिंतीला टेकून उभी राहिले. तर म्हणाले, यंदा थंडीच पडली नाही, झाड तरी काय करणार. मी हो म्हटलं. वन्सं, मरणाऱ्या माणसाशी खोटं बोलले हो! तुम्ही आलात तर पाण्याचं काढू नका, पाया पडते.

रागावलात तरी टाकू नका.

आपली,
सौ. संजीवनी


बदलापूर गाव, २७ फेब्रुवारी २०२५

ती. वन्सं यांस नमस्कार.

तेराव्याला सुयोगने तुम्हाला उचलून आणलं, पण आता लिहिते ते तेव्हा मला ठाऊक नव्हतं. काल शिवरात्रीला महादेवाला वाहायला बुधाजी मोहोर देत होते, मी घेतला नाही. आपल्या पालवीची डहाळी सुयोगकडे दिली आणि मला रडू फुटलं. पाण्याचं सगळं त्याला सांगून टाकलं.

त्याला ठाऊक होतं. बादलीच्या आवाजाने ह्यांना रोज जाग यायची. सुयोग मला अडवायला निघाला, तर ह्यांनी त्याचा हात धरला. म्हणाले, घालू दे, आईला दुसरं काय करता येणार आहे? आणि तिला कधी सांगू नकोस.

दोन शिव्या घातल्या असत्या तर सोसल्या असत्या, वन्सं. दोन गोधड्यांखाली कुडकुडत माझ्याकडे बघून सांगत होते, यंदा थंडीच पडली नाही.

आता तुमचाच काय तो आधार.

संजीवनी