तपासणीचं कारण

प्रिय चिमे,

येत्या गुरुवारी तुझी कोलोनोस्कोपी आहे आणि माझी कशी झाली ते तू तीनदा विचारलंस. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितो. उत्तम झाली. आतड्यात दोन छोटे पॉलिप, म्हणजे मांसाच्या छोट्या गाठी, सापडले. ते तिथल्या तिथे काढले. निरुपद्रवी होते. तुझी वहिनी आता शेजारीपाजारी सांगत फिरते की, ह्यांच्या पोटात काय काय दडलंय ते बत्तीस वर्षांनी एकदाचं कळलं!

खरी परीक्षा आदल्या दिवशी असते. ते पोट साफ करायचं औषध म्हणजे लिंबू पिळलेलं साबणाचं पाणी. चौथ्या ग्लासाला मी हात टेकले. वहिनी म्हणाली, "अहो, नाक दाबा आणि ढोसा. लहान मुलं बरी तुमच्यापेक्षा!" ढोसलं. पुढचे चार तास माझा मुक्काम कुठे होता ते सांगायला नको, पण वर्तमानपत्र पहिल्यांदाच छोट्या जाहिरातींसकट वाचून झालं.

हॉस्पिटलातली सिस्टर मोठी फटकळ. माझा फॉर्म बघून म्हणाली, "काका, भाऊ आतड्याच्या कॅन्सरने गेला म्हणून तुम्ही थेंबन् थेंब प्यायलात. ज्यांना शौचातून रक्त गेलेलं असतं तेही पितात. नुसतं वय झालं म्हणून येणारे अर्धं औषध बेसिनला पाजतात." मी विचारलं, डॉक्टरांच्या बघण्यातही फरक पडतो का? ती म्हणाली, "पडू नये. आमचे सर सगळ्यांचं सारखंच बघतात. पण सगळीकडे तसं नसतं, काका. घरात चोर शिरलाय म्हटलं की पोलीस माळासुद्धा बघतो. सहज फेरी मारायला आला तर कडी हलवून जातो." मी तिच्याबरोबर हसलो. परतताना बसमध्ये मात्र आपल्या मधल्या भावाची आठवण आली आणि दोन थांबे पुढे जाऊन उतरलो.

तीन वर्षांपूर्वी त्याची हीच तपासणी झाली होती, आठवतं? रिपोर्टात 'काही आढळलं नाही' एवढं वाचून त्याने आपल्या सगळ्यांना आइस्क्रीम खायला नेलं. "मी आतूनही तुमच्यापेक्षा देखणा आहे," म्हणाला. स्वतः दोन कप खाल्ले आणि तुझाही अर्धा पळवला. खाली बारीक अक्षरात 'आतडं पुरेसं स्वच्छ नव्हतं' असंही छापलेलं होतं. ते आपण कुणीच वाचलं नाही. दीड वर्षाने कळलं तेव्हा फार उशीर झाला होता.

आता तुला न सांगितलेलं सांगतो. त्या तपासणीचा फॉर्म भरताना त्याने मला फोन केला होता. शाळेच्या ऑफिसात जन्म गेला माझा, घरातला प्रत्येक फॉर्म मला विचारूनच भरला जातो. तो म्हणाला, "दादा, दोनदा रक्त दिसलं. कारण काय लिहू?" मी म्हटलं, "नेहमीची तपासणी, असं लिही. उगाच बायको घाबरेल, सतराशे साठ प्रश्न विचारतील." त्याने माझं ऐकलं. रक्ताचं लिहिलं असतं तर तो वाचला असता का, हे कुणीच सांगू शकत नाही. पण डॉक्टरांनी शोधत शोधत बघितलं असतं, आणि त्यानेही औषध अर्धं टाकलं नसतं.

काल तू तुझा फॉर्म मला तपासायला पाठवलास. तूही 'नेहमीची तपासणी' लिहिलं आहेस, आणि दोन महिने पोटात दुखतंय हे फक्त वहिनीच्या कानात सांगितलं आहेस. तो फॉर्म मी फाडला. कोरा सोबत आहे. लिही, सख्खा भाऊ या आजाराने गेला. दुखण्याचंही लिही. औषध पूर्ण पी, आणि आतडं साफ नव्हतं म्हणाले तर दुसरी तारीख मागून घे. माझा राग आला असेल तर अगदी योग्य आहे, मनसोक्त रागाव. गुरुवारी सकाळी सात वाजता मी तुझ्या दारात असेन.

चुकलेला, पण तुझाच,
दादा